मोंग्लार उत्सव आणि रानडुकराचा रस्सा

सेव्हरॅं मोंग्लार हा थोर कादंबरीकार लहानपणी चार वर्षं आमच्या शांतर्न गावात राहिला आणि पुढे आयुष्यभर त्यानं गावाबद्दल एकही चांगला शब्द लिहिला नाही. 'तीन फाटकांचं गाव' या त्याच्या कादंबरीत आम्ही लोक कंजूष आहोत, खादाड आहोत, आणि एखादी गोष्ट आमच्या डोक्यात बसली की ती काढायला सुतारच बोलवावा लागतो, असं सविस्तर लिहिलेलं आहे. साऱ्या फ्रान्समध्ये ही कादंबरी शाळेत लावतात. तरीही या माणसाच्या नावानं गावात साहित्य उत्सव भरवावा अशी कल्पना निघाली आणि ती माझ्याच तोंडून निघाली, हे मी आधी कबूल करते. प्रयोगवहीतलं चुकलेलं पान फाडायचं नसतं, त्यावर आडवी रेघ मारून खाली सही करायची असते, असं आम्हाला शिकवलेलं आहे. ही माझी आडवी रेघ.

तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. दिजाँमध्ये रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी घरी आले होते. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती, पण ती ऑक्टोबरपासून. लहान गावात तीन महिने रिकामी बसलेली पदवीधर मुलगी म्हणजे रस्त्याकडेला उभी असलेली रिकामी हातगाडी. येणारा जाणारा तिच्यात काहीतरी टाकतोच. आईनं मधमाश्यांच्या पेट्या टाकल्या, सरपंचांनी पंचायतीचा बिघडलेला संगणक टाकला, आणि जुलैच्या एका बुधवारी मादाम पेरोदॅं यांनी आपलं वाचनालय टाकलं.

मादाम तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी चौतीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पंचायत कचेरीशेजारच्या खोलीत वाचनालय चालवलं. पुस्तकं चार हजार शंभर, वेळ बुधवार आणि शनिवार, दुपारी दोन ते पाच. मी गेले तेव्हा त्यांनी एक पत्र माझ्यासमोर सरकवलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. आमच्यासारख्या बावीस गावांचं मिळून जे कार्यालय आहे, तिथून ते आलं होतं. ज्या वाचनालयाची चाळीसपेक्षा कमी वाचक-कार्डं असतील, ते सप्टेंबरअखेर बंद करून त्याची पुस्तकं शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात हलवण्यात येतील. शहर एकोणीस किलोमीटरवर. आमची कार्डं तेवीस.

मी म्हटलं, यात अवघड काय आहे, सतरा माणसांना कार्डं देऊन टाकू. त्यावर मादामनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आमच्या प्रयोगशाळेत कुणी काचेच्या नळीत तोंडानं ॲसिड ओढणाऱ्याकडेही पाहिलं नसेल.

"न वाचणाऱ्याला कार्ड?" त्या म्हणाल्या. "उद्या तू मला नापासांना सर्टिफिकिटं वाटायला सांगशील."

तरी मी दोन आठवड्यांत सहा जणांना पकडून आणलं. मादामनी प्रत्येकाला खुर्चीवर बसवून शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं, त्यात काय होतं, आणि ते तसंच का होतं, असे तीन प्रश्न विचारले. पाच जण नापास झाले. सहाव्यानं प्रश्न ऐकताच आपण घरी गॅस चालू ठेवून आल्याचं सांगितलं. तेव्हा मला कळलं की लोकांना वाचनालयाकडे ओढायचं तर काहीतरी मोठं करायला हवं, आणि मी 'मोंग्लार उत्सव' हा शब्द उच्चारला. कादंबरीला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. कार्यालयातल्या संस्कृती विभागाच्या मादाम शोमेत यांना आम्ही आमंत्रण पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: उत्सवाला येईन, आणि अंतिम मोजणी त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता करीन.

आता आमच्याकडे दोन माणसांना एकच गोष्ट आवडली की त्यांना मंडळ काढावं लागतं. तसा कायदाच आहे. गावात माणसं तीनशे बारा आणि मंडळं सतरा. चेंडूफेकीचं, जुन्या ट्रॅक्टरांचं, गोगलगायी पाळणाऱ्यांचं. 'मोंग्लार मित्र मंडळ' हे अठरावं. मादाम अध्यक्ष, मी चिटणीस. पहिल्या बैठकीला अकरा जण आले आणि मोंग्लारचे आपण मित्र आहोत का, यावर दोन तास चर्चा झाली. सरपंचांचं म्हणणं, ज्या माणसानं आपल्या पणजोबांना चोर म्हटलं त्याचे फार तर परिचित म्हणता येईल. शेवटी मतदान झालं. मित्र सहा, परिचित पाच.

मग मी गावभर पाट्या लावायचं ठरवलं. कादंबरीतली माणसं ज्या घरांत राहत होती असं मानतात, त्या घरांवर एकेक पाटी; पाहुण्यांनी फिरत फिरत वाचावं. वेड्या घड्याळजीची पाटी लागली, पळून गेलेल्या नवरीची लागली. उरली कंजूष म्हाताऱ्याची. तो रेमोंदोंचा पूर्वज असल्याचं ब्यूशेर मंडळी सांगतात आणि ब्यूशेरांचा असल्याचं रेमोंदो. मी जुनी कागदपत्रं पाहून निष्पक्षपणे ती रेमोंदोंच्या फाटकावर लावली. दुसऱ्या दिवशी ती ब्यूशेरांकडे होती. तिसऱ्या दिवशी टपाल कचेरीवर. मी नकाशावर तिचा मार्ग आखला तेव्हा दिसलं की पाटी रोज सरासरी एकशे चाळीस मीटर या वेगानं ईशान्येला सरकते आहे. या हिशेबानं ती आठवड्याभरात नदी ओलांडेल असा अंदाज मी वर्तवला आणि माझ्या शास्त्रीय कारकिर्दीतला तो सर्वांत अचूक अंदाज ठरला. पुलापलीकडच्या गावच्या सरपंचांचं कडक भाषेतलं पत्र आमच्या सरपंचांना आलं. आमच्या सरपंचांनी ते चौकटीत लावून कचेरीत टांगलं.

जिल्हा कचेरीचा फॉर्म हा वेगळाच विषय आहे. सोळा पानी. गर्दी किती, खुर्च्यांमधलं अंतर किती, आग विझवायची नळकांडी किती. मोजमापं हा माझा प्रांत, मी सगळं मिलिमीटरमध्ये भरलं. फक्त 'कार्यक्रमातील जनावरांची संख्या' हा रकाना मी रिकामा सोडला, कारण तोच फॉर्म गुरांच्या बाजारालाही वापरतात हे उघड होतं. फॉर्म परत आला. मी 'शून्य' लिहून पाठवला. तो पुन्हा परत आला, सोबत चिठ्ठी: संख्येला पशुवैद्याचा दाखला जोडावा. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे समजावलं की शून्य ही संख्याच आहे. गणिताच्या दृष्टीनं हे बरोबरच होतं. शेवटी आमचे पशुवैद्य आले, रिकाम्या सभागृहात चारी कोपऱ्यांत डोकावले, एका टेबलाखाली वाकून पाहिलं आणि 'तपासणीअंती एकही जनावर आढळलं नाही, आढळलं नाही त्याची प्रकृती उत्तम' असा दाखला देऊन गेले.

गावातलं सभागृह मात्र चटकन मिळालं. पंचायतीच्या कारकुनानं वही उघडली, सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारचं पान कोरं होतं, त्यानं माझ्याकडे जरा कुतूहलानं पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. ते कुतूहल कशाचं होतं हे विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. प्रत्येकाचा सल्ला एकच, की जेवणाचं बघ. मी पत्रक छापलं होतं. अकरा ते साडेअकरा स्वागत, साडेअकरा ते पाऊण पॅरिसहून येणारे प्राध्यापक बेरांजे यांचं 'मोंग्लारच्या गद्यातलं मौन' या विषयावर व्याख्यान, नंतर भोजनासाठी मोकळीक. पाववाल्या ल्यूसेतनं ते पत्रक दुकानात लावण्याआधी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"पाऊण वाजेपर्यंत?" ती म्हणाली. "बारा ओलांडून?"

मी तिला समजावलं की पंचेचाळीस मिनिटांनी शरीरात मोजण्याजोगा काहीही फरक पडत नाही, आणि प्राध्यापकांची गाडी त्याआधी पोचत नाही.

"पोटाला तुझं शास्त्र कळत नाही, सोलेन," ती म्हणाली. "त्याला घंटा कळते." आणि तिनं मला एक पाव फुकट दिला. आमच्या गावात पाव फुकट फक्त सुतक असलेल्या घरी देतात.

उत्सवाच्या रविवारी सकाळी एकतीस प्रेक्षक आले. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात एकतीस माणसं एकमेकांपासून शक्य तितकी लांब बसतात, हा वायूंचा नियम तिथंही लागू पडतो. माझी आई पहिल्या रांगेत होती, कारण ती आयुष्यभर सगळीकडे पहिल्या रांगेतच बसत आली आहे. मादाम पेरोदॅं निळ्या पोशाखात, मांडीवर कादंबरी घेऊन बसल्या होत्या. दुपारच्या सत्रात त्या तिच्यातला एक उतारा वाचणार होत्या. मादाम शोमेतचा पत्ता नव्हता.

प्राध्यापक बेरांजे सडपातळ, सभ्य गृहस्थ होते. मौनाबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं फार होतं. बाराला दहा कमी असताना मागच्या दारातून लाल वाइनमध्ये शिजलेल्या कांद्याचा वास आला. प्रेक्षकांची डोकी शेवटच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत क्रमाक्रमानं मागे वळत गेली आणि त्यावरून मला त्या वासाच्या प्रसरणाचा वेग काढता आला असता. मग चर्चची घंटा झाली. आमच्याकडे बाराचे ठोके दोनदा पडतात, पहिल्यांदा ज्यांनी ऐकले नाहीत त्यांच्यासाठी. पहिल्या बारा ठोक्यांना लोकांनी पिशव्या उचलल्या, दुसऱ्या बारा ठोक्यांना ते फाटकाबाहेर होते. सभागृहात मौन आणि प्राध्यापक उरले. आणि आई, मादाम आणि मी.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि फिर्मॅं लादूसे एका गड्याच्या मदतीनं भलंमोठं पातेलं घेऊन आत आला. फिर्मॅं म्हणजे आमच्या शिकारी मंडळाचा अध्यक्ष, लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेला, सदुसष्ट वर्षांचा, दाराएवढा माणूस. त्याच्यामागे नारिंगी जाकिटं घातलेले पंचेचाळीस लोक उभे होते, आणि त्यांच्यामागे दारात, शून्य या संख्येला पूर्णपणे खोटं पाडत, एकोणीस कुत्रे.

तो रविवार शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस होता. त्या दिवशी पहाटेचा फेरा मारून शिकारी मंडळ बरोबर बारा वाजता सभागृहात जेवतं, गेल्या मोसमातल्या, फ्रीझरमध्ये जपून ठेवलेल्या रानडुकराचा रस्सा. ही चाल साठ वर्षांची आहे. पंचायतीच्या वहीत तिची नोंद कधीच झालेली नाही. ख्रिसमस कोणत्या तारखेला येतो याची नोंद कोण करतं? मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, मला वाटलं तुला माहीत आहे आणि तू काहीतरी बोलली असशील त्यांच्याशी. कुणाला माहीत नसतं?

मी फिर्मॅंला वहीतल्या नोंदीबद्दल, कार्यालयाच्या पत्राबद्दल आणि एकंदर लिखित शब्दाच्या महत्त्वाबद्दल सांगितलं. त्यानं पातेलं हातात धरूनच सगळं ऐकलं.

"तुझं सगळं खरं, पोरी," तो म्हणाला. "पण हे गरम आहे. आधी कुठे ठेवू ते सांग."

एवढ्यावर वाद संपला. सात मिनिटांत माझ्या खुर्च्या भिंतीला लागल्या आणि टेबलं मांडली गेली. प्राध्यापकांच्या हातात कुणीतरी पाव कापायची सुरी दिली आणि ते ज्या तत्परतेनं कापायला लागले त्यावरून त्यांनाही भूक लागलेली दिसत होती. सव्वाबारा वाजता दार पुन्हा उघडलं. करड्या कोटातल्या एक बाई, हातात चामडी फाईल. शिकाऱ्यांनी रस्ता अडवून ठेवल्यामुळे त्यांना नदीपलीकडून वळसा घालून यावं लागलं होतं. त्यांनी नारिंगी जाकिटं पाहिली, पातेलं पाहिलं, कोपऱ्यात पालथा पडलेला मोंग्लारचा फोटो पाहिला.

"साहित्य उत्सव तो हाच का?" मादाम शोमेतनी विचारलं.

मी म्हटलं, "मध्यंतर आहे." माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत हीन वाक्य असेल.

त्यांना बसवलं. रस्सा वाढला. त्या सभ्यपणे जेवल्या आणि दोन घासांच्या मध्ये फाईलमध्ये काहीतरी लिहीत राहिल्या. मी उलट्या बाजूनं अक्षरं लावायचा प्रयत्न केला. 'उपस्थिती: मुख्यतः कुत्रे' असं मला दिसलं, पण शपथेवर सांगता येणार नाही. मादाम पेरोदॅं काही खात नव्हत्या. कादंबरीवर हात ठेवून बसल्या होत्या. शेवटी मी फिर्मॅंकडे गेले आणि मादामना दहा मिनिटं वाचू दे म्हणून विनवणी केली. त्यानं विचार केला आणि म्हणाला, चीज झाल्यावर आणि सफरचंदाचा टार्ट यायच्या आधी. टार्ट काही थंड व्हायचा नाही.

मादाम उठल्या. एवढ्या गलक्यात त्यांचा आवाज कुणाला ऐकू जाणार, अशी माझी चिंता होती. पण त्या उभ्या राहताच पन्नाशीच्या वरचे सगळे शिकारी आपोआप गप्प झाले आणि दोघांनी टोप्या काढल्या. मादामनी पुस्तक उघडलं, समोर धरलं आणि सुरुवात केली:

"'त्या वर्षी पूर ओसरला तेव्हा पहिल्या फाटकापाशी चिखलात एक खुर्ची रुतलेली सापडली…'"

त्या थांबल्या. पुस्तक किंचित जवळ घेतलं, मग लांब धरलं. कुणीतरी खोकलं. मादाम शोमेतनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. आणि तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून, ताटातून मान वर न काढता, फिर्मॅंचा जाडा आवाज आला.

"'…आणि ती कुणाची हे साऱ्या गावाला ठाऊक असूनही, ती न्यायला कुणी आलं नाही.'"

"'कारण,'" त्याच्या शेजारचा पुढे म्हणाला, "'जो न्यायला येईल त्याला तिच्यावर कोण बसत होतं हेही सांगावं लागलं असतं.'"

मादामनी पुस्तक मिटलं.

त्यानंतर जे झालं ते समजायला मादामची शिक्षा द्यायची पद्धत माहीत हवी, आणि मला ती माहीत नव्हती. माझ्या वेळेपर्यंत त्या निवृत्त झाल्या होत्या आणि नवे शिक्षक आम्हाला चुका केल्यावर फक्त समजावून सांगत. मादाम पोरांना कधी मारत नसत. त्या मोंग्लारचं एक पान शंभर वेळा लिहून आणायला सांगत. प्रत्येक गुन्ह्याला पान ठरलेलं होतं. खिडकी फोडली तर एकेचाळीस, शेजारच्याची कॉपी केली तर कंजूष म्हाताऱ्याचं मृत्युपत्र. शिकारीच्या पहिल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी शाळा बुडवली तर पुराचं पान, आणि ते गावातल्या जवळजवळ प्रत्येक पोरानं लिहिलेलं होतं. परिणाम असा की ज्याची वर्तणूक जितकी वाईट, त्याचं साहित्याचं ज्ञान तितकं सखोल. फिर्मॅंला अकरा पानं तोंडपाठ होती. वेड्या घड्याळजीच्या मरणाचं पान एका गवंड्यानं एका दमात म्हटलं. ते त्यानं दोनशे वेळा लिहिलं होतं, कारण पहिल्या शंभरात त्यानं कार्बन पेपर वापरला होता. टार्ट येऊन पडला होता, पण कुणी हात लावला नाही. प्राध्यापक बेरांजे हातरुमालावर टिपणं घेत होते.

माझी आई वर्गात कायम पहिली. तिला एक ओळही येत नव्हती. "मी कधी काही केलंच नाही गं," ती माझ्या कानाशी म्हणाली, आणि तिच्या आवाजात एवढा पश्चात्ताप मी कधी ऐकला नव्हता.

मादाम शोमेतनी पेन खाली ठेवलं आणि यातल्या किती जणांकडे कार्ड आहे असं विचारलं. एकाकडेही नव्हतं. मग मला एकेक कळत गेलं. यातला कुणीही गेल्या पंचवीस वर्षांत वाचनालयाच्या दारावरून गेला नव्हता. मादाम आत असतील म्हणून ते पलीकडच्या फुटपाथनं जात.

"ज्याला पान येतं तो वाचक," मादाम पेरोदॅं म्हणाल्या. "वाचनालय मी आत्ता उघडते. हात धुऊन या."

रविवारी दुपारी आमच्या गावात काहीच उघडं नसतं. त्या दिवशी कचेरीशेजारच्या खोलीसमोर नारिंगी रांग लागली आणि चौकात चेंडू फेकत बसलेली मंडळी खेळ थांबवून बघायला आली. बाकीचे शिकारी आसपासच्या गावांचे, त्यांची कार्डं चालणार नव्हती. आमच्या गावचे बरोबर सतरा. मी टेबलाशी बसून कार्डं लिहीत होते, मादाम शेजारी.

"पान?"

"एकेचाळीस, मादाम."

"खिडकी?"

"दोन, मादाम. एक माझी नव्हती."

असं करत चोवीस झाली, तीस झाली, साडेचारला एकोणचाळीस झाली. रांगेत शेवटचा फिर्मॅं. मादामनी त्याचं नाव ऐकलं आणि कपाटातून एक जुनी जाड वही काढायला सांगितली, वाचनालय शाळेतलं एक कपाट होतं तेव्हाची. अमुक पान उघड म्हणाल्या. मी उघडलं. लादूसे फिर्मॅं, इयत्ता सहावी, 'तीन फाटकांचं गाव', शिक्षेसाठी घरी नेलं, ऑक्टोबर एकोणीसशे सत्तावन्न. परत आल्याचा रकाना कोरा.

"पुस्तक परत आल्याशिवाय कार्ड नाही," मादाम म्हणाल्या.

मी घाबरून मादाम शोमेतकडे वळले आणि म्हटलं की एकोणचाळीस आणि चाळीस यांतला फरक अडीच टक्के आहे, कुठल्याही मोजमापात एवढी त्रुटी धरतातच. त्या म्हणाल्या की त्यांनाही ते पटतं, पण नियमांना त्रुटी नसते. मग मी मादाम पेरोदॅंच्या कानाशी लागले. वाचनालय बंद पडेल, मादाम, आज एकदा सोडून द्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आज सोडलं तर मग हे वाचनालय कसलं गं?"

टोपी हातात घेऊन सदुसष्ट वर्षांचा फिर्मॅं इयत्ता सहावीसारखा उभा राहिला, आणि मग जवळजवळ धावतच बाहेर गेला.

पाचला सात मिनिटं कमी असताना त्याची गाडी परत आली. पुस्तकाला पुठ्ठा राहिला नव्हता. त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होती. पानं फुगून दुप्पट झाली होती. त्यानं ते टेबलावर ठेवलं. मादामनी ते हातात घेतलं, कडेवरून बोटं फिरवली, नाकाशी धरलं. जंगलातल्या धुराचा वास मलाही आला.

"समासात काहीतरी खरडलंय," मी म्हटलं.

"काय लिहिलंय?" मादामनी विचारलं. पान त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतं.

तेव्हा मला समजलं आणि फिर्मॅंला माझ्या आधी समजलं. जुलैतलं ते पत्र त्यांनी मला मोठ्यानं का वाचायला लावलं, सभागृहात त्या का थांबल्या. त्यानं खुर्ची ओढली, पुस्तक त्यांच्या हातातून अलगद घेतलं आणि वाचायला लागला. शिकारी मंडळाची जंगलात एक झोपडी आहे; पाऊस लागला की डुकरं येत नाहीत आणि माणसांना काही उद्योग नसतो. 'तीन नोव्हेंबर चौऱ्याहत्तर. पाऊस. डुक्कर नाही. चौसष्ट ते सत्तर वाचलं.' 'वीस जानेवारी एक्याऐंशी. मादी, बासष्ट किलो. नवरी पळून गेली ते पान. गास्तों रडला, थंडीनं म्हणतो.' 'ब्याण्णव. तिसऱ्यांदा संपलं. पहिल्यापासून.'

"पुढे?" मादाम म्हणाल्या.

फिर्मॅंनं पुढे वाचलं. समास संपले तेव्हा तो छापलेलं वाचायला लागला. दारात उभे असलेले लोक कुणी हलले नाहीत. मादाम शोमेत पुस्तकांच्या शिडीच्या पायरीवर बसल्या होत्या. पाचचे ठोके दोनदा पडले आणि संपले, आणि त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

मग मादामनी शिक्का मागितला. पुस्तकावर तो उलटा उमटला.

"पुस्तक परत आलं," त्या म्हणाल्या. "आता तीन आठवड्यांसाठी परत घेऊन जा. आणि बुधवारी येऊन मला वाचून दाखवायचं. शंभर पानं होईपर्यंत."

"हो, मादाम," फिर्मॅं म्हणाला. चाळिसावं कार्ड मी लिहिलं तेव्हा माझं अक्षर प्रयोगवहीत चाललं नसतं.

वाचनालय अजून आहे. मादाम गेल्या हिवाळ्यात गेल्या. शंभर पानं केव्हाच उलटून गेली होती, पण तो हिशेब कुणी ठेवला नव्हता.

आता एक शेवटची आडवी रेघ. ज्याचा उत्सव मी भरवला, त्याची कादंबरी मी पूर्ण वाचलेली नव्हती. शाळेत तीन उतारे, बाकी मलपृष्ठावरचा मजकूर. ऑक्टोबरमध्ये निघताना मी ती मागितली तर वाचनालयातल्या चारही प्रती बाहेर गेलेल्या. यादीत माझा नंबर सहावा लागला. फेब्रुवारीत सुट्टीला आले तेव्हा मिळाली ती पाचवी प्रत, सायकलच्या ट्यूबची. पुराच्या पानापर्यंत मी नेटानं गेले आणि खरं सांगायचं तर तिथं जरा कंटाळले. पुस्तक मिटणार, तेवढ्यात समासात पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, अक्षर कुणा बारा वर्षांच्या मुलाचं: 'इथं थांबू नको. पुढं बरं आहे.'